आधी वॉट, मग पंखा

श्रोतेहो, नमस्कार.

गेमिंगचा संगणक म्हणजे टेबलाखालची अर्धी जागा अडवणारं कॅबिनेट आणि गेम सुरू झाला की त्याची घरघर, असं समीकरण आपल्या मनात पक्कं बसलंय. ते मोडता येतं, हे आज मला सांगायचंय. दहा ते पंधरा लिटर आकारमानाच्या, टेबलाच्या कोपऱ्यात सहज बसणाऱ्या कॅबिनेटमध्ये दमदार संगणक जोडता येतो. तो इतका शांतही ठेवता येतो, की गेममधली पावलांची चाहूल हेडफोनशिवाय ऐकू यावी. मात्र त्याची सुरुवात महागडे पंखे घेऊन होत नाही. सुरुवात करायची ती वॉट मोजण्यापासून.

संगणक जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. चारशे वॉट खाणारा संगणक म्हणजे चारशे वॉटचा हीटरच. ही उष्णता बाहेर काढायला पंखा लागतो आणि आवाज करतो तो पंखा. म्हणजे आवाजाचं मूळ वॉटमध्ये आहे. मोठ्या कॅबिनेटमध्ये हे झाकून जातं, कारण तिथे मोकळी जागा भरपूर आणि पंखेही मोठे. छोट्या कॅबिनेटमध्ये झाकायला जागाच नसते.

इथे पंख्याचं गणित आपल्या बाजूचं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो. आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. म्हणून छोट्या पंख्याला पळवण्यापेक्षा मोठा पंखा रमतगमत फिरवणं केव्हाही चांगलं. १२० मिलिमीटरचा एक पंखा बसत असेल, तर त्या जागी चिमुकल्या पंख्यांची जोडी लावू नका.

आता वॉट कमी कसे करायचे? चिपला लागणारी वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेजच्या, प्रमाणात. हा वर्गच आपल्या कामाचा. कारखान्यातून येणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाचं, व्होल्टेज जरा जास्तच ठेवलेलं असतं, कारण त्या मॉडेलची कमकुवतातली कमकुवत चिपही त्यावर चालली पाहिजे. आपल्या हातातली चिप सहसा त्याहून बरी असते. मग व्होल्टेज थोडं उतरवायचं, किंवा सोपा मार्ग म्हणजे कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज वापरण्याची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणायची. वीज वीस टक्क्यांनी घटते आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, सहसा मोजक्या टक्क्यांनीच खाली येतो. मला विचाराल तर छोट्या कॅबिनेटसाठी यापेक्षा किफायतशीर सौदा नाही, कारण त्याला एक पैसाही लागत नाही.

प्रोसेसरचंही तसंच. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये कमी विजेवर चालवणारा इको मोड असतो. १०५ वॉटच्या प्रोसेसरला तो ६५ वॉटच्या वर्गात आणून बसवतो आणि गेममध्ये फरक क्वचितच कळतो. प्रोसेसर निवडतानाच काळजी घेतली तर आणखी उत्तम. २०२३ मध्ये आलेला रायझन ७ ७८००एक्स३डी कागदावर १२० वॉटचा दिसतो, पण ९६ मेगाबाइटच्या मोठ्या एल-थ्री कॅशमुळे, म्हणजे प्रोसेसरमधल्याच वेगवान स्मृतीमुळे, गेममध्ये तो त्या मर्यादेच्या बराच खाली राहून काम उरकतो. अशा प्रोसेसरला उष्णता काढणारा बुटका कूलरही पुरतो.

आणि एक गोष्ट बहुतेक जण करतच नाहीत, ती म्हणजे फ्रेम रेटला लगाम घालणं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर सेकंदाला दोनशे फ्रेम काढून उपयोग काय? १४० वर मर्यादा घाला. हलक्या गेममध्ये कार्डाचे वॉट झपकन खाली येतात, कधी कधी निम्म्यावर. कार्डातून येणारी बारीक किणकिण, जिला कॉइल व्हाइन म्हणतात, तीही कमी होते. ती पंख्याची नसते, वीज नियंत्रित करणाऱ्या कॉइलच्या कंपनाची असते. गेमच्या मेनूत फ्रेम रेट हजारावर गेला की ती सर्वांत जास्त ऐकू येते.

वॉट ठरले की मग सुटे भाग. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० मिलिमीटरचा चौरस. व्हिया कंपनीने हा आकार २००१ मध्ये आणला. त्यावर रॅमचे सहसा दोन आणि कार्डाचा एक स्लॉट, आणि गेमिंगला तेवढं पुरेसं आहे. पॉवर सप्लाय एसएफएक्स आकाराचा, १२५ बाय १०० बाय साडेत्रेसष्ट मिलिमीटर. तो मात्र गरजेपेक्षा ऐसपैस घ्या. चारशे वॉट लागणार असतील तर साडेसातशेचा घेतला तरी वावगं नाही. भार कमी राहतो आणि बऱ्याच मॉडेलांत हलक्या भाराला पंखा फिरतच नाही.

विकत घेण्याआधी तीन मापं कागदावर लिहा: कूलरची उंची, कार्डाची लांबी आणि कार्डाची जाडी. चौथं माप लोक विसरतात, ते केबलचं. कार्डाला वीज देणाऱ्या नव्या १६ पिनांच्या कनेक्टरमधून निघालेली केबल निदान साडेतीन सेंटिमीटर सरळ जायला हवी, मग वळवायची. बाजूचं झाकण त्या केबलला दाबत असेल तर ते कार्ड त्या कॅबिनेटसाठी नाही. तिथे जोर लावू नका.

जोडणीचा क्रमही इथे उलटा चालतो. डेटा साठवणाऱ्या चपट्या एम-टू एसएसडीचा एखादा स्लॉट अनेकदा बोर्डाच्या पाठीमागे असतो, तेव्हा ती आधी बसवा. प्रोसेसरची आठ पिनांची केबल कूलर लावण्याआधी ओढून घ्या, नंतर तिथे बोट शिरत नाही. कार्ड बोर्डाच्या पाठीला पाठ लावून उभं राहणारं कॅबिनेट असेल, तर मधे बोर्ड आणि कार्ड जोडणारी रायझर केबल येते. रायझर जुन्या पिढीची आणि कार्ड नव्या पिढीचं असलं की स्क्रीन काळाच राहू शकतो. अशा वेळी कार्ड खराब समजून परत पाठवायची घाई नको. मॉनिटर बोर्डावरच्या डिस्प्ले पोर्टला जोडा, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन पीसीआय एक्सप्रेस या कार्डाच्या जोडणीची पिढी रायझरएवढी खाली आणा, मग कार्ड जोडा. गेममध्ये याने नावापुरताच फरक पडतो.

पाण्याच्या कूलरबद्दल थोडक्यात. त्यात पंप असतो आणि पंप सतत चालतो. पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच नसेल तर हवेचे बुडबुडे पंपात अडकून गुळगुळ आवाज येतो. शंभर वॉटच्या आतल्या प्रोसेसरला मी हवेचाच कूलर लावीन.

संगणक चालू झाल्यावर खरं कानाचं काम सुरू होतं, आणि मला ते फार आवडतं. खोलीतला पंखा बंद करा. बायोसमधून कॅबिनेटचा एकेक पंखा हळूहळू वाढवत न्या, मिनिटाला ५०० फेऱ्यांपासून वर. एका ठरावीक वेगाला पत्रा घुमायला लागतो, सगळं कॅबिनेट एका सुरात गुणगुणतं. शंभर फेऱ्या पुढे गेलात की ते थांबतं. तो वेग लिहून ठेवा आणि तापमानानुसार पंख्याच्या वेगाची चढण आखताना त्याच्यावर मुक्काम होऊ देऊ नका. पंखा जाळीला अगदी खेटून बसला असेल तर वेगळाच शिट्टीसारखा सूर येतो. चार-पाच मिलिमीटरची फट ठेवली की तो बराच मावळतो.

दुसरी परीक्षा झाकणाची. अर्धा तास गेम चालवा, तापमान पाहा, मग बाजूचं झाकण काढून पुन्हा पाहा. दोन-तीन अंशांचा फरक असेल तर हवा खेळती आहे. दहा-बारा अंशांचा असेल तर कॅबिनेटचा श्वास कोंडतोय. मग काचेचं झाकण काढून जाळीचं लावा, काच कितीही देखणी असली तरी.

पंख्याला दचकू देऊ नका. प्रोसेसरचं तापमान सेकंदात पंधरा अंशांनी उसळतं आणि तितक्याच वेगाने खाली येतं. पंखा प्रत्येक उसळीमागे धावला तर सतत वर-खाली होणारा आवाज येतो, आणि कान नेमका तोच बदल टिपतो. संथ, एकसारखा आवाज मात्र थोड्या वेळात कानाआड होतो. म्हणून पंख्याला पाच-दहा सेकंद उशिरा प्रतिसाद द्यायला सांगा आणि साठ अंशांपर्यंत वेग सपाट ठेवा. कॅबिनेटचे पंखे जमल्यास कार्डाच्या तापमानाला बांधा, ते सावकाश चढतं.

राहता राहिली धूळ. काही महिन्यांनी आवाज वाढल्यासारखा वाटला तर सेटिंग बदलण्याआधी जाळी पाहा. ब्लोअरने झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने गरगरतं आणि बेअरिंग खराब होतं.

नमस्कार.