जलपर्णी, कायदा आणि वरच्या अंगाचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. पुलावरून खाली पाहावं तर पाणी दिसत नाही, नुसती हिरवी चादर. ही जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या तुऱ्यांच्या मोहापायी माणसानंच तिला देशोदेशी नेलं. अशा परक्या, माजणाऱ्या वनस्पतींना सरकार आवर कसा घालतं, याविषयी आज बोलायचं आहे.

त्यासाठी जुन्या बंगालात जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले नाले, खाड्या आणि बिलं, म्हणजे सखल भागातली मोठी तळी, जलपर्णीनं भरून गेली. होड्या अडकल्या. पुराच्या पाण्याबरोबर तिचे थवे भातखाचरांत शिरले आणि उभं पीक दाबून टाकू लागले. 1921 साली सरकारनं समिती नेमली, अध्यक्ष होते जगदीशचंद्र बोस. वाद होता तो विषारी फवारा मारायचा की हातांनी उपटायचं, यावर. फवाऱ्यानं पानं करपतात, पण पाण्याखालचं खोड जिवंत राहिलं की पुन्हा कोंब फुटतात. हे लक्षात ठेवा: पान मेलं म्हणजे झाड मेलं नाही.

मग 1936 साली जलपर्णीसाठी स्वतंत्र कायदा आला. बागेत किंवा शोभेच्या पाण्यात ती वाढवणं हा गुन्हा ठरला. ज्याच्या ताब्यात जमीन वा पाणी, त्यानंच ती काढायची. पुढच्याच वर्षी, 1937च्या निवडणुकीत, जलपर्णी हटवण्याचं आश्वासन पक्षांच्या जाहीरनाम्यांत झळकलं. एका तणावर निवडणूक! त्यानंतर बंगालात निवडून आलेल्या फजलुल हक यांच्या सरकारनं मोहिमा काढल्या, गावंच्या गावं कमरेएवढ्या पाण्यात उतरली, ढीग काठावर आले. तण हटलं का? बरंच हटलं, पण संपलं नाही. कायदा माणसाच्या हद्दीवर बोट ठेवत होता आणि जलपर्णी हद्द मानत नाही. खालच्यानं तळं साफ करावं, वरच्यानं करू नये, की एका पुरात सगळं परत. त्यात रेल्वेच्या भरावांनी ठिकठिकाणी पाणी तुंबलेलं. तुंबलेलं पाणी म्हणजे जलपर्णीचं घरच.

आज आपल्याकडे परदेशी रोपं-बियांच्या आयातीवर 2003चा वनस्पती संगरोध, म्हणजे क्वारंटाइन, आदेश आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022च्या दुरुस्तीनं कलम 62क आलं. त्यानुसार घातक परक्या प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर केंद्र सरकार निर्बंध घालू शकतं. दारातच अडवणं सर्वांत स्वस्त. म्हणून वृक्षारोपणाच्या हौसेत डोंगरच्या डोंगर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, या परदेशी झाडानं भरून टाकणं मनाला पटत नाही. देशी झाडं बरेचदा हळू वाढतात, पण कितीतरी पाखरं त्यांच्यावर जगतात.

आता प्रत्यक्ष काम. जलपर्णीचा देठ बोटांत दाबून पाहा, स्पंजासारखा फुगीर, हवेनं भरलेला. म्हणून ती तरंगते. बुडाशी आडवा धावता देठ निघतो आणि त्याच्या टोकाला पिल्लू रोप लागतं. सांडपाण्यानं माजलेल्या पाण्यात पंधरवड्यात तिचा पसारा दुप्पट होऊ शकतो.

काढायची ती फुलोऱ्याआधी. सुरुवात प्रवाहाच्या वरच्या अंगाकडून. पुन्हा सांगतो, वरच्या अंगाकडून. आडवा दोर आणि बांबूचा तराफा टाकून खाली वाहणारी झाडं अडवा. यंत्रानं कापून तुकडे पाण्यातच सोडले, तर गड्डा शाबूत असलेला प्रत्येक तुकडा नवं झाड होतो. ढीग पूररेषेच्या वर टाका. काठावरच ठेवलेला ढीग पहिल्याच पावसात परत नदीत जातो. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून आधी आठवडाभर सुकवा, मग तुकडे करून शेणाबरोबर थरावर थर रचून कुजवा. कारखान्याचं सांडपाणी येत असलेल्या नदीतली असेल, तर ते खत भाजीपाल्याला नको. ती जड धातू शोषून ठेवते.

बी गाळात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. तेव्हा सफाईनंतर दर दोन आठवड्यांनी काठाकाठानं फेरी मारा आणि उगवलेलं प्रत्येक बाळरोप हातानं उपटा. शिवाय नाल्याचं सांडपाणी नदीत येतंय का, तेही पाहा; येत असेल, तर तक्रारीचा अर्ज त्याच दिवशी पालिकेत द्या.