डोंगरातला अब्रेक

नमस्कार, श्रोतेहो. ‘अब्रेक’ हा शब्द तुम्ही बहुधा ऐकला नसेल. रशियाच्या दक्षिण टोकाला असलेल्या कॉकेशसच्या डोंगरांत, चेचेन, इंगुश, ओसेत, दागेस्तानी घरांमध्ये तो लहान पोरालाही ठाऊक असतो. मुळात अब्रेक म्हणजे भावकीतून तुटलेला, हातून खून झाल्यामुळे रानात गेलेला माणूस. 1859 मध्ये रशियाशी लढणारा डोंगरी लोकांचा पुढारी इमाम शामील शरण गेला, झारचं राज्य पक्कं झालं आणि त्या शब्दाचं वजन बदललं. सरकारच्या लेखी दरोडेखोर, गावाच्या लेखी आपला माणूस.

त्यातलं सगळ्यात मोठं नाव जेलिमखान. चेचन्यातल्या वेदेनोजवळच्या खराचोय गावचा शेतकरी. धाकट्या भावाच्या लग्नावरून वैर पेटलं, खून पडले, तुरुंग झाला. 1901 मध्ये तो ग्रोझनीच्या तुरुंगातून निसटला आणि पुढं बारा वर्षं कुणाच्या हाती लागला नाही. 1910 मध्ये तर कोसॅक, म्हणजे झारच्या घोडेस्वार सैनिकांचे कपडे घालून भरदिवसा किझल्यार शहराच्या सरकारी खजिन्यावर चालून गेला!

मला मात्र त्याचं पत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. रशियाच्या संसदेच्या, म्हणजे ड्यूमाच्या अध्यक्षांना त्यानं लिहिलं की मी काही जन्मतः अब्रेक नाही, माझे वडील आणि भाऊही नव्हते. ते दोघं 1908 मध्ये मारले गेले होते.

बारा वर्षं तो जगला कसा? रात्री दारावर थाप पडायची. घरची बाई चूल फुंकायची, सिस्काल म्हणजे मक्याची भाकरी पुढं यायची. आलेल्या पाहुण्याला धरून देणं म्हणजे घराण्याला बट्टा. त्याची किंमत गावं मोजत होती: दंड, घरात घुसलेले शिपाई, दूर सायबेरियात धाडलेली कुटुंबं. जेलिमखानच्या हाताला रक्त होतंच, पण त्याच्या शौर्याची गाणी गाताना त्या चुलीपाशी बसलेल्या बाईचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

1913 मध्ये शाली गावाजवळ जेलिमखानला घेरून मारलं. प्रेताचे फोटो काढले गेले.

अब्रेक तिथंच संपले नाहीत. 23 फेब्रुवारी 1944 पासून स्टॅलिननं अख्ख्या चेचेन आणि इंगुश जनतेला मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात धाडलं. खासुखा मागोमादोव नावाचा चेचेन अब्रेक मात्र डोंगरातच राहिला. 1957 पासून लोक घरी परतू लागले, तरीही तो खाली उतरला नाही. 1976 मध्ये त्याला ठार मारलं, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता.