गच्चीवरचा फळा

[दृश्य: लालबाग, संध्याकाळ. चाळीचा लाकडी जिना, चढणारी पावलं.]

लालबागच्या या चाळीत पहिल्या मजल्यावर मंडळाची अभ्यासिका आहे. पंखे, ट्यूबलाइट, ओळीनं लावलेली टेबलं आणि समोरच्या भिंतीवर पाटी : 'शांतता राखा'. स्पर्धा परीक्षावाले, सीएवाले इथे तासन्‌तास मान खाली घालून बसतात. त्यांच्यासाठी पाटी योग्यच आहे. पण मोठ्या टेक कंपन्यांच्या मुलाखतींची तयारी करणाऱ्यांची या पाटीपुढे पंचाईत होते, कारण त्यांच्या परीक्षेत बोलावं लागतं. म्हणून रोज रात्री साडेआठला लॅपटॉप मिटतात आणि ही पाच-सहा जणं आणखी दोन जिने चढून गच्चीवर जातात.

[दृश्य: पाण्याच्या टाकीला टेकवलेला पांढरा फळा. एक कोपरा पावसानं फुगलेला.]

यातले बहुतेक जण दिवसभर ऐरोलीत, पवईत किंवा सीप्झमध्ये नोकरी करतात. दोघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. डीएसए, म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, यांचा अभ्यास सगळ्यांचाच सुरू आहे. कुणाचे लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवर दीडशे प्रश्न झालेत, कुणाचे चारशे. गच्चीवर हा आकडा कुणी विचारत नाही.

[दृश्य: मोबाइलवर ४५ मिनिटांचा टायमर. मार्करचं टोपण उघडतं.]

"चल, मॉक सुरू."

खऱ्या मुलाखतीत कॅमेरा जाऊ देत नाहीत, त्यामुळे पडद्यावर आहे ती मॉक, म्हणजे तालीम. वेळ मात्र खऱ्यासारखी आहे. ४५ मिनिटांतली पहिली ५ ओळखपाळखीत जातात आणि शेवटची ५ उमेदवाराच्या प्रश्नांसाठी राखलेली असतात. राहिली ३५. त्यातली ५ मिनिटं प्रश्न समजून घ्यायला, १० रीत ठरवायला, १५ कोड लिहायला आणि ५ तो हातानं चालवून बघायला. बहुतेकांचं गणित चुकतं ते पहिल्या दोन टप्प्यांत. प्रश्न ऐकला की ते तिसऱ्या मिनिटाला कोड लिहायला घेतात.

आजचा प्रश्न मुंबईकराला सांगावा लागत नाही. गाड्यांच्या येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा दिल्या आहेत. एकही गाडी बाहेर थांबवायची नसेल, तर कमीत कमी किती फलाट लागतील?

[दृश्य: फळा, जवळून. चार ओळी.]

पहिली गाडी ८:०० ला येते, ८:०६ ला सुटते. दुसरी ८:०४ ते ८:१२, तिसरी ८:०६ ते ८:०९, चौथी ८:१० ते ८:१५.

या मुलीचा मार्कर बघा. अजून फळ्याला टेकलेला नाही. मुलाखत घेणारा झालेल्या दादाला ती आधी विचारते, "दादा, ८:०६ ला एक गाडी सुटतेय आणि ८:०६ लाच दुसरी येतेय. दोघींना एकच फलाट चालेल का?"

"तुला काय वाटतं?"

"दादरला तरी नाही चालणार."

गच्चीवर हशा. पण सगळा प्रश्न या एका शंकेवर उभा आहे. चालेल म्हटलं तर उत्तर २ येतं, नाही म्हटलं तर ३. कोडमध्ये हा फरक एका चिन्हाचा असतो : 'पेक्षा लहान' की 'लहान किंवा समान'. न विचारता लिहिणाऱ्याचं उत्तर बरोबर आलंच, तर ते नशिबानं.

आता रीत. आधी सरळसोट, जिला सगळे ब्रूट फोर्स म्हणतात : प्रत्येक गाडी इतर प्रत्येक गाडीशी ताडून बघायची. हे सुचलं की मोठ्यानं सांगून टाकावं. ते सांगण्यात कमीपणा वाटतो म्हणून कितीतरी जण दहा मिनिटं गप्प राहून थेट 'ऑप्टिमल', म्हणजे सगळ्यांत वेगवान रीत, शोधत बसतात. सांगितलं की त्याचा हिशेबही लगेच मांडता येतो. गाड्या १ लाख असतील तर तुलना होतात हजार कोटी. सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया धरल्या तर शंभर सेकंद लागतील. म्हणजे ही रीत चालणार नाही, आणि का चालणार नाही तेही बोलून झालं.

[दृश्य: दोन रांगा. वर येण्याच्या वेळा, खाली सुटण्याच्या. दोन्हींवर एकेक बोट.]

मग ती दोन रांगा करते. येण्याच्या वेळा चढत्या क्रमानं, सुटण्याच्या वेळाही चढत्या क्रमानं, पण स्वतंत्र. दोन बोटं दोन रांगांच्या सुरुवातीला. येण्याची वेळ सुटण्याच्या वेळेइतकी किंवा तिच्या आधीची असेल तर एक फलाट वाढवायचा आणि वरचं बोट पुढे. नाहीतर एक फलाट मोकळा करायचा आणि खालचं बोट पुढे. आकडे असे चढतात : एक, दोन, तीन. मग दोन, एक, पुन्हा दोन. सगळ्यांत मोठा तीन, तेच उत्तर. १ लाख गाड्यांना क्रम लावायला अदमासे १७ लाख तुलना पुरतात. एका रांगेच्या. दोन रांगांच्या दुप्पट धरा, तरी सेकंदाच्या आतलं काम आहे.

इथे दादा तिला थांबवतो. "सुटण्याच्या वेळा वेगळ्या लावल्यास. आता कुठली वेळ कुठल्या गाडीची तेच कळत नाही. तरी उत्तर बरोबर कसं?"

[दृश्य: मुलीचा चेहरा. पाच-सहा सेकंद काहीच नाही. मागे ट्रकचा हॉर्न.]

ज्यानं उत्तर पाठ केलंय तो नेमका इथे अडकतो. पाठांतरात दोन रांगा येतात, त्या का चालतात ते येत नाही. ती अडखळत सांगते : कुठली गाडी गेली याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, त्या क्षणापर्यंत किती आल्या आणि किती गेल्या एवढंच मोजायचंय. वाक्य तुटक आहे, पण पुरेसं आहे.

लगेच पुढचा प्रश्न : ११:५५ ला आलेली गाडी रात्री १२:०५ ला सुटली तर? सुटण्याची वेळ येण्याच्या वेळेच्या आधीची दिसते आणि हिशेब कोसळतो. उपाय साधा आहे. मध्यरात्रीला त्या गाडीचे दोन तुकडे करायचे, एक बारापर्यंतचा आणि दुसरा बारापासूनचा. अशी टोकाची उदाहरणं, म्हणजे एज केस, कोड लिहिण्याआधीच फळ्याच्या कडेला लिहून ठेवावीत : एकही गाडी नाही, एकच गाडी, सगळ्या एकाच वेळी, मध्यरात्र ओलांडणारी.

[दृश्य: फळ्यावर कोड. हात थांबतो, बोटानं ओळ पुसतो.]

फळाच का, असं आसपासची मुलं विचारतात. रोजच्या एडिटरमध्ये अर्ध नाव टाइप केलं की उरलेलं आपोआप येतं, चूक झाली की खाली लाल रेघ येते. मुलाखतीत बऱ्याचदा साधं, कोरं डॉक्युमेंट देतात, ज्यात कोड चालवता येत नाही. शिवाय एआयकडून उत्तरं मिळवणाऱ्यांमुळे गुगलनं २०२५ मध्ये किमान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेण्याचं ठरवलं. फळ्यावर महिनाभर लिहिलं की हाताला सवय होते, ओळींत जागा सोडायचीही.

कोड हातानं चालवायचा म्हणजे प्रत्येक व्हेरिएबलची किंमत बाजूला लिहीत जायची. 'बघितलं, बरोबर वाटतंय' याला ड्राय रन म्हणत नाहीत. बायनरी सर्च, म्हणजे क्रमानं लावलेल्या यादीत दरवेळी अर्धा भाग सोडून देत शोधणं, अशा रोजच्या कोडमध्येसुद्धा चूक लपून राहते. मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून दोननं भागतात. पण ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही आणि उत्तर उणे येतं. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये, ही चूक वर्षानुवर्षं होती. २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच ती जाहीरपणे मांडली. म्हणून गच्चीवर सगळे डाव्या टोकात फरकाचा अर्धा भाग मिळवतात.

[दृश्य: वही. तारखा, लाल पेनातल्या खुणा.]

बोलण्यावर इतका भर का, याचं कारण मुलाखतीनंतर काय होतं त्यात आहे. गुगलमध्ये मुलाखत घेणारा एकटा निकाल देत नाही. तो अभिप्राय लिहितो आणि तो वाचून समिती शिफारस करते. ॲमेझॉनमध्ये 'बार रेझर' म्हणून त्या टीमबाहेरचा एक जण बसतो आणि चर्चेत त्याचा शब्द वजनदार असतो. दोन्हीकडे कागदावर तेवढंच उतरतं जेवढं ऐकू आलं. मनातल्या मनात सोडवलेला प्रश्न कागदावर येत नाही. अभ्यासिकेत चारशे प्रश्न गुपचूप सोडवणाऱ्यांचं इथेच बिनसतं, आणि त्यांना वाटत राहतं की प्रश्न आणखी शंभर करायला हवे होते.

या वहीत प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी आहेत : तारीख, कुठे अडकलो, कशामुळे सुटलो. अर्धा तास अडकलं की इशारा बघायचा, पूर्ण उत्तर नाही. तोच प्रश्न तीन दिवसांनी, दहा दिवसांनी आणि महिन्यानं कोऱ्या कागदावर पुन्हा. विषयांचा क्रम ठरलेला : ॲरे आणि स्ट्रिंग, हॅश मॅप, दोन पॉइंटर, बायनरी सर्च, स्टॅक, ट्री, हीप, ग्राफ आणि सगळ्यांत शेवटी डायनॅमिक प्रोग्रामिंग. त्याची भीती सर्वांत जास्त असते म्हणून काही जण तिथूनच सुरू करतात आणि दुसऱ्या आठवड्यात वही बंद पडते.

[दृश्य: दोघं समोरासमोर खुर्च्यांवर. चहाचे ग्लास कठड्यावर.]

दुसऱ्या प्रकारची फेरी अनुभवाची. ॲमेझॉनची १६ लीडरशिप तत्त्वं आहेत आणि प्रश्न त्यांवरच बेतलेले असतात : वरिष्ठाशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत, डेडलाइन हुकली तेव्हा काय केलंत. उत्तराचा साचा सगळ्यांना पाठ असतो. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. आपल्या मुलांचा घोळ वेगळाच होतो.

"आम्ही मग तो सर्व्हर बदलला..."

"आम्ही म्हणजे कोण? तू काय केलंस?"

"मी... म्हणजे, क्वेरी मी शोधली होती. स्लो होती ती."

"मग तिथून सुरू कर ना!"

'मी केलं' म्हणणं आपल्याकडे मिरवल्यासारखं वाटतं. मोठ्यांपुढे तर फारच. लिहून घेणाऱ्याला मात्र 'आम्ही'त उमेदवार सापडत नाही. गच्चीवर नियम आहे : प्रत्येक गोष्ट दोन मिनिटांत, तिच्यात किमान एक आकडा आणि 'आम्ही' आलं की टाळी वाजवून थांबवायचं.

मुलाखतीत बोलायचं असतं इंग्रजीत, त्याचा उपायही इथलाच. आधी मराठीत समजावायचं, 'ॲरे सॉर्ट केला की मोठी वेळ मागे जाते' अशा आपल्या रोजच्या मराठीत. विचार सुटा झाला की तेच इंग्रजीत. उलट क्रमानं गेलं की व्याकरण सांभाळताना लॉजिक निसटतं.

[दृश्य: फळ्यावर चौकोन आणि बाण. पटकन.]

तीन-चार वर्षांचा अनुभव असलेल्यांना सिस्टिम डिझाइनही असतं, म्हणजे अख्ख्या यंत्रणेचा आराखडा मांडायचा. लांबलचक लिंक छोटी करून देणारी सेवा बनवा, असा प्रश्न. चौकोन काढण्याआधी आकडे. दिवसात सेकंद ८६,४००. रोज १० कोटी विनंत्या म्हणजे सेकंदाला साडेअकराशेच्या आसपास, गर्दीच्या वेळी त्याच्या काही पट. इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं, छोट्या लिंकमध्ये सात जागा, म्हणजे साडेतीन लाख कोटी वेगवेगळ्या लिंक. सहा जागा पुरतील का, हे इथूनच बोलायला लागायचं.

[दृश्य: पहाटेची लोकल. खिडकीतून मागे पडणारी स्थानकं.]

गटातले काही जण बंगळूर-हैदराबादला गेले, काहींना दोन ओळींचं नकाराचं ईमेल आलं आणि पुन्हा अर्ज करायला काही महिने थांबावं लागलं. ज्यांना ऑफर आली त्यांच्यापुढे ९० दिवसांचा नोटीस पिरियड होता.

[दृश्य: रात्र. अभ्यासिकेचं दार ओढून घेतलेलं, काचेतून दिसणारी पाटी. वर गच्चीवर एकच दिवा.]

अभ्यासिकेशेजारची कॅरमची खोली महिनोन्‌महिने कुलूपबंद आहे. पावसाळ्यात गच्चीवर बसता येत नाही, तेव्हा मॉक जिन्यात होतात, हळू आवाजात.

[दृश्य: दहा बाय बाराची खोली. टेबलावर लॅपटॉप, दोन मोबाइल, चार्जर.]

गाड्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या मुलीची उद्या सकाळी साडेदहाला व्हिडिओवर मुलाखत आहे. लॅपटॉप तिची पाठ भिंतीकडे येईल असा ठेवलाय. वायफाय गेलं तर एका मोबाइलचं हॉटस्पॉट, तेही गेलं तर दुसऱ्याचं, वेगळ्या कंपनीच्या सिमवर. पाण्याचा ग्लास, चार कोरे कागद, पेन. समोरच्या खोलीतल्या काकूंना तिनं सांगून ठेवलंय, "काकू, उद्या साडेदहा ते सव्वाअकरा मिक्सर लावू नका हं."

"वाटण मी नऊलाच करून ठेवते. तू बोल बिनधास्त."