किती बसतील आणि किती झेपतील

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या निफाड तालुक्यात टोमॅटोचा हंगाम लागला की रोज संध्याकाळी एक प्रश्न ऐकू येतो. "किती कॅरेट बसतील रे?" किती झेपतील, असं विचारणारा मला अजून भेटला नाही. मीही विचारत नव्हतो. घरी डिझेल पिकअप येऊन नऊ वर्षं झाली, त्यातली पहिली दोन मी बसतील तेवढी भरण्यात घालवली.

पिकअपच्या नावामागे 1.3, 1.7, 2.0 असे आकडे असतात. ते शोभेचे नसतात, गाडी साधारण किती टन माल नेईल ते सांगतात. 1.7 म्हणजे 1700 किलो, कांदा असेल तर 17 क्विंटल. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट 22 किलोच्या आसपास जातं, म्हणजे 77 कॅरेट झाले. आमच्याकडे शंभर चढवतात, आणि वर दोन माणसं बसतात ती कुणी मोजतच नाही.

असेच शंभर कॅरेट घेऊन मी एका रात्री वाशीला निघालो होतो. इगतपुरी सोडली, कसारा घाट लागला. चौथा गिअर, आणि पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळका वास आला. मग पेडल दाबावं तर गाडी आपल्याच चालीनं पुढे. कसाबसा तिसरा टाकला, मग दुसरा, आणि कडेला थांबलो. चाकाजवळ हात नेववत नव्हता. मागून आलेला एक ट्रकवाला खाली उतरला, चाकाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, ज्या गिअरात चढला असतास, त्याच गिअरात उतर."

त्याचं बोलणं मला नंतर नीट कळलं. ब्रेक गाडीचा वेग घासून त्याची उष्णता करतो. माल जास्त, उतार लांब, की ब्रेकचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, इतकं तापतं की त्याची पकडच जाते. खालच्या गिअरात तेच काम इंजिन करतं, ब्रेकला दम मिळतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे, कुणी तर चावीच बंद करणारे, मी पाहिलेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदतही थांबते, पेडल दगडासारखं होतं. दोन लिटर डिझेलसाठी हा सौदा करू नका.

घरी आल्यावर शहाणपण म्हणून मी काय केलं? मागच्या स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी एकेक पाटा वाढवून घेतला! गाडी बसायची थांबली, मला वाटलं जिंकलो. पण एक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेकही तेच. पाट्यानं गाडीची पाठ सरळ केली, ताकद काही वाढवली नाही. वर हादरे असे बसायला लागले की द्राक्षाच्या कॅरेटमध्ये मणी गळून तळाला साठायचे. व्यापाऱ्यानं दोन वेळा भाव तोडला. पुढच्या हंगामाआधी पाटे काढून टाकले.

कायद्याचंही थोडं सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल तिथेच उतरवायला लावतात. भर उन्हात टोमॅटो उतरवून बघा म्हणजे कळेल. लायसन्सची चिंता मात्र मिटली आहे. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालासकट एकूण 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं.

आता टोचन. पावसाळ्यात कुणाची तरी कांद्याची ट्रॉली रुतते आणि हाक येते, "पिकअप आण, ओढून काढू." पिकअप 70-75 हॉर्सपॉवरची, ट्रॅक्टर 45 चा, मग पिकअप का ओढणार नाही? कारण ओढायला नुसती पॉवर पुरत नाही. ट्रॅक्टरचं वजन, ती मोठी मागची चाकं आणि मुंगीच्या चालीचा गिअर, याला जोड नाही. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. काळ्या मातीत ती स्वतःच गरगरते, आणि अर्धा क्लच धरून जोर लावला की प्लेट जळते. माझी जळाली आहे. दुसरी पिकअप ओढायची असेल तर मागे मातीची चार-पाच पोती टाका, दोर बंपरला नको, चेसिसच्या हुकाला बांधा, आधी दोर हळू ताणा आणि मगच ओढा. झटका दिला की दोर तुटतो आणि चाबकासारखा येतो. जवळ पोरं उभी असतील तर आधी हाकला.

नव्या गाडीवाल्यांना एक सांगतो. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस सहा, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या, डिझेल गाड्यांत बहुधा काजळी अडवणारी गाळणी असते. अडकलेली काजळी गरम धुरानं जळते आणि गाळणी साफ होते. घर ते मळा, मळा ते घर एवढंच चालवलं तर गाडी तापतच नाही आणि गाळणी तुंबते. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला नीट पळवा.

घ्यावी का, असं मला बरेच जण विचारतात. तीन एकरवाल्याला मी नाहीच म्हणतो. त्याचा माल वर्षातून चाळीस-पन्नास दिवस निघतो, हप्ता मात्र बाराही महिने असतो. त्यानं भाड्यानं लावावी. दोन-तीन भावांत मिळून असेल, किंवा बाकीच्या दिवसांत दुसऱ्यांची भाडी मारायची तयारी असेल, तरच घ्यावी.

परवा धाकटा म्हणाला, "दादा, अजून दहा बसतील." मी फाळका लावला. दहा कॅरेट शेजारच्या गाडीत गेले, कॅरेटमागे भाडं देऊन. तो अजून रुसलेला आहे.