मिरजेला उतरायचं असतं

मंडळी, संयोजकांनी विषय दिला ‘बालपणीचे रेल्वेप्रवास’ आणि वर बजावलं, चाळीस मिनिटांत आटपा. आमचा एकेक प्रवास वीस-बावीस तासांचा असायचा. तेव्हा काटछाट करणं आलं. मी आज मुख्यतः मिरज स्टेशनाबद्दल बोलणार आहे. तिथे आमचं कुणीही राहत नव्हतं.

आम्ही राहायचो दादरला आणि आईचं माहेर मडगाव. मे महिना लागला की आजोळी जायचं. आज कोकण रेल्वेने लोक सकाळी निघून दुपारी माडाखाली जेवायला बसतात. पण ती पूर्ण सुरू झाली 1998 साली. मी सांगतोय 1970 नंतरच्या सात-आठ वर्षांबद्दल. तेव्हा रेल्वेने गोव्याला जायचं म्हणजे आधी बोरघाटाने सह्याद्री चढायचा, रात्रभर वरच्या पठारावरून पुणे, सातारा, मिरज, मग बेळगाव, आणि कॅसलरॉकवरून तोच सह्याद्री पुन्हा उतरायचा. मुंबईही समुद्राकाठी, मडगावही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मध्ये सातशेहून जास्त किलोमीटर आणि एक अख्खा डोंगर दोनदा. वडील म्हणायचे, हा द्राविडी प्राणायाम आहे. मला वाटायचं, त्या गाडीचंच नाव तसं असेल.

तयारीतलं मुख्य काम आईचं. होल्डॉल, पत्र्याची ट्रंक, वळकटी, आंब्याची करंडी (गोव्याला आंबे घेऊन जाणारं आमचं एकमेव घर असावं), फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा. सामानाच्या नगाला ‘डाग’ म्हणायचे. आमचे नऊ डाग. आई ते बोटांच्या पेरांवर मोजायची आणि नवावर थांबायची नाही. दहावी ताई, अकरावा मी. वडील मोजदादीत नसत, कारण ते नेमके त्या वेळी चहाच्या गाड्यापाशी असत.

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. कर्जतला गाडी थांबली की मागून धक्का बसायचा: घाट चढायला मागे जादा इंजिनं लागत. जुन्या घाट-इंजिनांना रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणत. लांब नाकाडं, दोन्ही बाजूंना दांडे, आणि उभं असताना कण्हल्यासारखा आवाज. ती 1930च्या आसपास या घाटात आली, आणि माझ्या लहानपणीही घाटात कण्हतच होती. आम्ही बटाटेवडा हातात धरून त्या धक्क्याची वाट बघायचो. धक्का बसला की ताई म्हणायची, “खेकडा चावला.” मग झोपायचं. लोणावळ्यानंतरचं मला काही आठवत नाही. जेजुरी, नीरा, वाठार, कऱ्हाड ही स्टेशनं मी पुढे मोठेपणी पाहिली. लहानपणी ती माझ्या पाठीखालून गेली.

आणि मग पहाटेच्या अंधारात आईचा आवाज, “उठा. मिरज.”

आता हे मिरज प्रकरण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. मुंबईहून आलेली गाडी ब्रॉडगेज, म्हणजे रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. मिरजेच्या पुढे दक्षिणेकडे मीटरगेज, बरोब्बर 1000. म्हणून इथे गाडी बदलायची. झालं असं, की 1853 साली मुंबई-ठाणे सुरू झालं तेव्हा रुंद रूळ घातले. पुढे 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारने पैसे वाचवायला मीटरगेज मंजूर केलं. सदर्न मराठा रेल्वेने त्या अरुंद रुळांवर आपल्या भागातलं जाळं विणलं. पुणे-मिरज आणि मिरज-कोल्हापूर 1971च्या सुमारास रुंद झालं. पुढचं मात्र तसंच राहिलं, ते 1990च्या दशकापर्यंत. भरीला पंढरपूरकडून येणारी बार्शी लाइट रेल्वे. ती 762 मिलिमीटरची, खेळण्यातली वाटावी अशी. तिन्ही मापांचे रूळ एका ठिकाणी! एका इंग्रज साहेबाने खर्चाच्या रकान्यात काटछाट केली, आणि त्यापायी शंभर वर्षांनी दादरचं एक कुटुंब पहाटे नऊ डाग घेऊन फलाटावर बसायचं.

ही अडचण होती यात वाद नाही. मोठ्यांना विचारा. माझ्या आईला विचारा. हमालाशी घासाघीस, अर्धवट झोपेतली पोरं, बायकांसाठी धड सोय नसलेला फलाट. आपण ज्याला ‘ते सोनेरी दिवस’ म्हणतो ना, ते दिवस कुणीतरी पदर खोचून ओढलेले असतात. तिसरा वर्ग 1974 साली बंद झाला, म्हणजे डब्यावरचा आकडा बदलला. बाकडं तेच होतं.

पण आम्हां पोरांना मिरज म्हणजे चैन. गाडीत ‘हात बाहेर काढू नकोस’, घरी ‘अभ्यासाला बस’. मिरजेला दोन अडीच तास कुणालाच आमच्याकडून काही नको असायचं. ट्रंकेवर बसून दशमी आणि लसणीची चटणी. हळूहळू उजाडतंय. समोर छोटी गाडी उभी, मोठ्या गाडीची धाकटी बहीण दिसावी तशी, आणि तिच्या इंजिनातून वाफेचा फुस्स आवाज.

एकदा शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्याजवळ गवसणीत गुंडाळलेले दोन तंबोरे. ताईला वाटलं, भोपळे नेतायत. तसे ते भोपळेच म्हणा. मिरजेचे तंबोरे-सतारी देशभर जातात, हे तेव्हा आम्हाला कुठलं माहीत? वडिलांनी त्या दिवशी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. खाँसाहेब मिरजेचे रहिवासी. 1937 साली ते दक्षिणेत पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत बरं वाटेना, म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथे फलाटावरच गेले. त्यांना आणून मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. आठ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट का सांगावी, कोण जाणे. पण त्यानंतर बरीच वर्षं कुठल्याही लहान स्टेशनावर गाडी उगाच थांबली, की मी खिडकीतून फलाटावर आडवं कोणी दिसतंय का ते पाहायचो.

छोट्या गाडीत खिडकीसाठी आम्ही भांडायचो आणि जो जिंकायचा त्याच्या डोळ्यात कोळसा जायचा. हा न्याय अचूक होता. कुडची, रायबाग, घटप्रभा… कुठेतरी खुपायला लागायचं, डोळा चोळला की आणखी आत. आई पदराचं टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळायची, त्याच्यावर तोंडाने ऊन वाफ सोडायची आणि डोळ्यावर टेकवायची. पुन्हा वाफ, पुन्हा टेकव. चार-पाच वेळा. पदराला लसणीचा वास. मग पापणी हलकेच उलटून, पदराच्याच टोकाने तो काळा कण टिपून मला दाखवायची: “हा बघ.” एवढासा! आपण तर म्हटलं होतं धोंडा आहे.

बेळगावला कुंदा, लोंढ्याला पुन्हा थांबणं, आणि मग कॅसलरॉक. तिथे उताराआधी ब्रेक तपासायचे. आजी सांगायची, गोवा पोर्तुगीजांकडे असताना इथे सरहद्द होती. अलीकडे कॅसलरॉकला इंग्रजांची झडती, पलीकडे कुळ्याला पोर्तुगीजांची. वळकट्या फलाटावर उलगडायला लावायचे. म्हणजे आजीच्या प्रवासातही एक उतरणं होतंच, आमच्याहून वाईट.

दूधसागरबद्दल तुमची निराशा करतो. पांढराशुभ्र धबधबा आणि त्याच्या मधून जाणारी गाडी, हे चित्र पावसाळ्यातलं. आम्ही जायचो मे महिन्यात. मी सहा वर्षं जे पाहिलं तो होता ओला काळा कातळ आणि त्यावरून सुतासारखं गळणारं पाणी. तरी सगळा डबा एका बाजूला धावायचा. एकदाच, भाद्रपदात, गणपतीला गेलो. गाडी पुलावर आली आणि खिडकीतून तुषार आत, सगळे भिजलो. आई मात्र उठून गाद्या झाकत होती.

परवा, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, आईला घेऊन गोव्याला गेलो. नव्या वेगवान गाडीने, सुमारे आठ तास. वातानुकूलित डबा, काच बंद, डोळ्यात काही जायची सोय नाही. आई वाटेत दोनदा झोपली. रत्नागिरी गेल्यावर जागी झाली आणि म्हणाली, “मिरज गेलं का रे?” मी म्हटलं, “आई, ही गाडी मिरजेला जात नाही.” “मग बदलायची कुठे?” “बदलायची नाही.” तिने जरा संशयानेच माझ्याकडे पाहिलं.

मडगावला उतरलो. सामान म्हणजे चाकांच्या दोन बॅगा. फलाटावर ती थांबली, अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि मोजलं, “एक, दोन.” मग माझ्याकडे वळून, “तीन.”