जांभई दिली आणि तोंड मिटेचना

नमस्कार मंडळी. रेडिओचा आवाज थोडा वाढवा आणि दोन्ही हात मोकळे ठेवा, कारण आज मी तुम्हाला हातवारे करायला लावणार आहे. विषय आहे सांधे, आणि ते बांधून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. हा शब्द तुम्ही ऐकलेला असतो, डॉक्टर सांगतात लिगामेंट ताणलंय, आणि आपण घरी येऊन सांगतो, अगं काही नाही, नस लागलीये. आपण सगळ्यालाच नस म्हणतो बघा. मान आखडली तरी नस, पाय मुरगळला तरी नस, पाठीत उसण भरली तरी नस. बिचाऱ्या नसेचा काही संबंध नसतो हो.

तर पहिल्यांदा हे ऐका, मग परत सांगणार नाही. (सांगेन, सवय आहे.) हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. हाडाला स्नायू बांधते ती कंडरा, म्हणजे टेंडन. हाडाला हाड, अस्थिबंध. हाडाला स्नायू, कंडरा. झालं पाठांतर.

आता हात समोर धरा. बोटं सरळ करा आणि फाकवा, पंख्यासारखी. फाकतात ना मस्त? आता बोटं मुळापासून वाकवा, तळहाताशी काटकोन होईल अशी, मधले पेर सरळच राहू देत, आणि आता फाकवून बघा. जरा जोर लावा. नाही फाकत ना! जेमतेम हलतात. मूठ वळल्यावर हाताच्या पाठीवर ज्या चार गाठी वर येतात ना, त्या प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना एकेक अस्थिबंध असतो. आणि तिथलं हाडाचं डोकं अगदी गोल नसतं, तळहाताच्या बाजूला जास्त फुगीर असतं. बोट सरळ असतं तेव्हा हे बंध सैल, बोट वाकलं की ते त्या फुगवट्यावर चढतात आणि तटतटून ताणले जातात, म्हणून मग बोट डावीउजवीकडे जात नाही, आणि म्हणूनच हातात धरलेली वस्तू घट्ट राहते. इथे कुठलाही स्नायू मेहनत करत नाहीये हं. अस्थिबंध स्वतः काही हलवत नाही, तो फक्त सांगतो, बस, इथपर्यंतच.

आणि हे "बस, इथपर्यंतच" जेव्हा त्याला सांगता येत नाही तेव्हा काय होतं, ते मला माझ्या स्वतःच्या जबड्याने दाखवलंय. हा किस्सा इथे आमच्या स्टुडिओत सगळ्यांना पाठ आहे, पण तुम्हाला कुठे सांगितलाय.

बरीच वर्षं झाली. रात्रीचा गाण्यांचा कार्यक्रम, लाइव्ह, माईकवर मी आणि काचेपलीकडे साउंडवर दादा. वयाने मोठे म्हणून सगळे दादाच म्हणायचो. एक गाणं सुरू झालं, सव्वाचार मिनिटांचं, निवेदकाच्या हिशोबात ही अख्खी सुट्टी असते. आताची गाणी दोन-अडीच मिनिटांत आटपतात, धड पाणी पिऊन होत नाही, कोणाला एवढी घाई असते कोण जाणे, पण ते जाऊ दे. मी माईक बंद केला, खुर्चीत मागे रेलले आणि एक जांभई दिली. साधीसुधी नाही, पार पोटातून आलेली, डोळ्यांत पाणी, कानात सूं असा आवाज, आणि अगदी शेवटी दोन्ही कानांपाशी टक्क.

तोंड मिटायला गेले. मिटेना.

आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, तोंड कसं मिटायचं हे मी विसरलेय की काय. हनुवटीखाली तळहात लावून वर ढकललं, तर कानाच्या पुढे अशी कळ आली की हात आपोआप सुटला. आणि लाळ. लाळेचं कोणी सांगत नाही तुम्हाला. तोंड मिटत नाही म्हणजे नीट गिळताही येत नाही, सगळी लाळ टपटप स्क्रिप्टवर, शाई पसरतेय, आणि पुढचं निवेदन सुरू होतं "पुढचं गाणं" या शब्दांनी. आता प म्हणून बघा ओठ न मिटता. प, फ, ब, भ, म, पाचही गेले. माझ्याकडे उरला फक्त आ.

मी काचेवर टकटक केलं. दादांनी वर बघितलं, मी आ वासून बसलेली, त्यांना वाटलं मी गाण्यासोबत गातेय, त्यांनी छान म्हणून अंगठा दाखवला. मग मी स्क्रिप्टच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं, "तोंड मिटत नाहीये", आणि कागद काचेला लावला. दादांनी वाचलं आणि हेडफोनवर मला म्हणाले, "ते कधी मिटतं तुझं?"

मग त्यांना लाळ दिसली. चेहरा बदलला माणसाचा. त्यांनी पुढचं गाणं लावलं, निवेदन न करता त्याला जोडून तिसरं लावलं, ड्यूटीवरच्या साहेबांना हलवून उठवलं आणि खुर्चीत बसवलं, नुसती गाणी लावत रहा म्हणाले, आणि मला गाडीत घालून हॉस्पिटलला. तोंडावर रुमाल. तिथे काउंटरवर विचारलं नाव काय, मी म्हटलं आ. काय त्रास होतोय? मी रुमाल बाजूला केला.

डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत. एक्स-रे काढून घेतला, हाड मोडलेलं नाही ना बघायला, आणि मग तिने मला आणि दादांना जे समजावलं ते तुम्ही आत्ता करून बघू शकता, जांभई न देता. दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवा. तोंड हळू उघडा. थोडं उघडेपर्यंत आतली गाठ, म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाचं वरचं टोक, जागच्या जागी फिरते, दाराच्या बिजागरीसारखी. अजून उघडा, तर ती गाठ बोटाखालून पुढे निसटते आणि तिथे खड्डा लागतो. लागला? म्हणजे हा सांधा आधी फिरतो आणि मग सरकतो. फिरतो, मग सरकतो. खालचा जबडा म्हणजे एकच हाड, त्याला दोन टोकांना दोन सांधे, दोघांनी एकाच वेळी हलायचं, आणि प्रत्येकात मध्ये एक छोटी चकती असते, ती पण सोबत सरकते. तोंड किती उघडावं? साधारण आपलीच तीन बोटं एकावर एक जातील इतकं.

आता कवटीच्या बाजूला त्या गाठीसाठी एक खोलगट जागा असते आणि तिच्या पुढे हाडाचा एक उंचवटा. मोठ्या जांभईत गाठ त्या उंचवट्यावरून पलीकडे उतरते, आणि तोंड मिटवणारे स्नायू, जे शरीरातल्या दणकट स्नायूंपैकी आहेत, ते घाबरून आखडतात आणि जबडा वर खेचून धरतात. गाठ उंचवट्याच्या पुढे अडकली, वर खेच, परतीची वाट बंद. मी हनुवटी वर ढकलत होते म्हणजे कुलूप आणखी घट्ट करत होते.

तिने मला बुटक्या स्टुलावर बसवलं, डोकं मागे भिंतीला टेकवलं आणि स्वतःच्या दोन्ही अंगठ्यांना जाड गॉज गुंडाळायला लागली. मी नजरेनेच विचारलं, हे कशाला. म्हणाली, "जागेवर बसताना जबडा फाटकन मिटतो, अंगठे मला उद्याही लागतात." मग अंगठे माझ्या खालच्या दाढांवर, बाकी बोटं बाहेरून जबड्याखाली, आणि सगळं वजन टाकून दाब. आधी खाली, मग मागे. खाली म्हणजे गाठ उंचवट्याच्या खालून सुटेल, मागे म्हणजे खोबणीत जाईल. आधी खाली, मग मागे. आणि हे मी सांगतेय म्हणून घरी कोणी कोणावर करायचं नाही हं, हाड मोडलेलं असू शकतं आणि अंगठे तर जातीलच, सरळ डॉक्टरकडे न्यायचं. काही क्षण काहीच होईना, दादा दाराशी तोंड फिरवून उभे, आणि मग खट्, खट्, एक बाजू, दुसरी बाजू. तोंड मिटलं. माझा पहिला शब्द विचारा. "किती वाजले?"

डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी, दोन आठवडे माईक बंद, सगळं पातळ खायचं, आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. त्या रात्रीच्या कार्यक्रमाबद्दल तीन पत्रं आली श्रोत्यांची. तिन्हीत एकच मजकूर, निवेदन नव्हतं त्यामुळे गाणी छान ऐकता आली, असंच चालू ठेवा. त्यातलं एक दादांनी अजून जपून ठेवलंय.

आता घड्याळ बघतेय, तर बाकीचे सांधे जरा पळत पळत. शाळेत शिकलेलं आठवत असेल, बिजागरीचा सांधा कोपर, उखळीचा सांधा खांदा आणि खुबा. पण दोन्ही उखळींत फरक आहे. खुब्याची उखळ खोल, आणि तिच्या पुढून जो अस्थिबंध जातो तो शरीरातला सगळ्यात दणकट समजतात, आपण ताठ उभे राहिलो की तो ताणला जातो आणि कंबर मागे कलंडू देत नाही, म्हणून तासभर उभं राहायला स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. खांद्याची मात्र उखळ कसली, बशीच. म्हणून हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच निखळतो पण खांदाच सगळ्यात जास्त.

गुडघा! शाळेत मागून येऊन गुडघ्याच्या लवणीत गुडघा मारायचा आणि समोरचा मटकन खाली, हा प्रकार कोणी केला नाही असं नाही. का पडतो माणूस? पाय पूर्ण सरळ करताना शेवटी शेवटी मांडीच्या हाडाखाली नडगी किंचित बाहेरच्या बाजूला वळते, स्क्रूचा शेवटचा आटा बसावा तशी, आणि आतले आणि बाजूचे अस्थिबंध ताणून गुडघा लॉक होतो, मांडी निवांत. मागून धक्का बसला की लॉक सुटतं आणि मांडीच्या स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही. आत दोन अस्थिबंध एकमेकांवर फुली मारून असतात, त्यातला पुढचा म्हणजे खेळाडूंच्या बातम्यांत येतो तो एसीएल, पाय जमिनीवर रुतलेला आणि अंग वळलं की जातो.

नको म्हणून मान हलवा. तुमच्या मानेच्या वळण्यापैकी जवळपास निम्मं वळणं पहिल्या दोन मणक्यांमध्ये होतं. होकार देताना मात्र मुख्य काम कवटी आणि पहिल्या मणक्याचं. हो वरच्या मजल्यावर, नाही एक मजला खाली.

बोटं मोडण्याबद्दल पण विचारता तुम्ही. आवाज हाडांचा नाही, सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होण्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून तेच बोट लगेच परत वाजत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं. आणि डोनाल्ड अंगर नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते, त्यांना लहानपणी आई आणि मावश्या-आत्या सांगायच्या, बोटं मोडू नकोस, संधिवात होईल. ह्या माणसाने 50 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, दिवसातून निदान दोनदा, उजवा हात तुलनेला ठेवला, आणि 1998 मध्ये लिहून जाहीर केलं की दोन्ही हात सारखेच, संधिवात कुठेच नाही. 2009 मध्ये त्यांना इग् नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस. एकाच माणसाचे दोन हात म्हणजे काही मोठा पुरावा नाही, पण आईला उत्तर द्यायला 50 वर्षं थांबणारा माणूस मला आवडतो.

आणि अस्थिबंध ताणला तर? त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून तो पांढुरका दिसतो आणि म्हणूनच सावकाश भरतो, आणि भरला तरी पूर्वीइतका घट्ट होईलच असं नाही. मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो तो त्यामुळे. तेव्हा मोबाइलवर बघून पहिल्याच दिवशी पाय मानेमागे न्यायला निघालेल्यांनो, जरा दमाने. स्नायू सैल करणं वेगळं, आणि हाडाला हाड बांधणारी दोरी ओढून लांब करणं वेगळं.

माझ्या जबड्याचे बंध सैल राहिलेत ते राहिलेतच. आत्ता काचेपलीकडे साउंडवर नवीन मुलगा बसलाय, आणि मी इतका वेळ जांभई जांभई करतेय ना, त्याला आलीच बघा, हा भला मोठा आ. आता मला येणार. थांबा, मूठ हनुवटीखाली... हं. तुम्हालाही आली असेल तर धरा मूठ. गाणं लाव रे.