पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतले आकडे

नमस्कार मंडळी. रोज कुणाच्या ना कुणाच्या पोटावर जेल लावून प्रोब फिरवायचा हे माझं काम, आणि रिपोर्ट हातात पडला की प्रत्येक ताई विचारतेच, डॉक्टर, हे एवढे आकडे कशाचे हो? तर आज त्यातले डोक्याचे आणि डोळ्यांचे सांगते.

ही मोठी तपासणी 18 ते 22 आठवड्यांत करतो. बीपीडी म्हणजे बाळाच्या डोक्याची रुंदी, एचसी म्हणजे डोक्याचा घेर, ते सोपं आहे. मागच्या बाजूचा लहान मेंदू 20व्या आठवड्याला साधारण 20 मिलिमीटर रुंद असतो. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांची मागच्या भागातली रुंदी 10 मिलिमीटरच्या आत हवी. एका ताईंची साडेदहा आली, त्यांनी घरी जाऊन मोबाईलवर "डोक्यात पाणी" असं शोधलं आणि रात्रभर रडत बसल्या. अहो, 10 ते 12 च्या मधे आकडा असेल आणि बाकी सगळं नीट असेल तर बहुतेक बाळं छान निघतात, फक्त पुन्हा मोजायला यायचं असतं.

मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ थांबते ती मेंदूच्या पुढच्या भागात, मधोमध दिसणाऱ्या एका छोट्या चौकटीपाशी. ती दिसली नाही तर मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल बनलाय का हे बघावं लागतं, आणि डोळ्यांच्या नसाही, कारण कधीकधी त्या बारीक राहिलेल्या असतात. काही मोठ्या सेंटरमध्ये या दोन नसा एकत्र येतात ती जागासुद्धा थ्रीडी मशीनवर मोजतात. पण नस किती जाड आहे एवढंच त्यातून कळतं, बाळाला किती दिसेल ते नाही कळत, हे मी आधीच सांगून टाकते.

डोळ्यातलं भिंग मात्र फार सुंदर दिसतं. काळा गोल आणि भोवती पांढरी रेघ, अगदी अंगठीसारखं. ती अंगठी आतून पांढरट भरलेली दिसली तर जन्मजात मोतीबिंदूची शंका येते, मग आईला आधीच्या महिन्यांत ताप-पुरळ आलं होतं का हे विचारावं लागतं.

आणि कधी बाळ पालथं असतं, डोळे दिसतच नाहीत. मग मी म्हणते, जा, जरा चालून या, काहीतरी खाऊन या, अर्ध्या तासाने बघू. तेव्हाही नाही दिसलं तर पुढच्या आठवड्यात बोलावते. परत बोलावलं म्हणून घाबरू नका हो, बाळ वळलेलं नसतं एवढंच असतं बहुतेक वेळा.